ऑर्लिनचं गाठोडं

उत्तर मिनेसोटातल्या एका काउंटीच्या कचेरीत ऑर्लिन टॉर्गरसनने सव्वीस वर्षं एकच गोष्ट केली. संगणकावरचं जे काम येईल ते एकाच प्रोग्रामच्या गाठोड्यात बांधायचं. बर्फ वितळायला रस्त्यांवर टाकायच्या मिठाचा हिशेब, कुत्र्यांचे परवाने, वारलेल्या कर्मचाऱ्यांची शोकपत्रं, अशी त्रेचाळीस कामं झाली. चालवताना कामाचं नाव सांगितलं की तेवढंच काम होई. नाव नाही सांगितलं तर सगळी ओळीने सुटत. आता नाव सांगायला विसरेल असा माणूस असतो का, असं ऑर्लिनचं म्हणणं.

असा माणूस साहेब होऊन आला. मेलडी क्विस्ट या नव्या बाईंना गाठोड्याचे त्रेचाळीस तुकडे करायचे होते. शुक्रवारी बैठक ठरली. ऑर्लिनला अन्न गोड लागेना. बायको नाही, मूलबाळ नाही, जन्माची कमाई म्हणजे ते गाठोडं. गुरुवारी दुपारी बाईंनी सहज बघू म्हणून ते चालवलं, नाव न सांगता.

मीठ मोजलं गेलं, परवाने निघाले. शोकपत्रांच्या कामात ऑर्लिनने कधीकाळी चाचणीसाठी एक नाव घातलं होतं. दुसऱ्या कुणाला कसं मारायचं, म्हणून या भिडस्त माणसाने स्वतःचंच घातलं होतं. कचेरीतल्या आणि गावातल्या सहाशे जणांना बाईंच्या सहीचं पत्र गेलं: ऑर्लिन आता आपल्यात नाही.

संध्याकाळी शेजारची लवर्न हॉटडिशचं, म्हणजे तिकडे मयताच्या घरी नेतात त्या भाजलेल्या जेवणाचं, गरम भांडं घेऊन आली. दार ऑर्लिनने उघडलं.

"अगंबाई, तूच होय? फार वाईट झालं रे."

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"असशील बाबा. पण पत्र आलंय ना. भांडं सावकाश दे परत."

शुक्रवारी कार्डाने कचेरीचं दार उघडेना. दाराशी बसणारी बर्निस त्याला वीस वर्षं ओळखत होती.

"ऑर्लिन, यंत्रात तू वारलायस. पाहुण्याची चिठ्ठी देऊ?"

"मी काय मेलोय का?"

"मी कुठं म्हणतेय? पण बाईंना चारचौघांत खोटं पाडायचं, बरं दिसतं का ते?"

छातीवर चिठ्ठी डकवून तो बैठकीत बसला. बाईंनी त्याला पाहिलं, लालबुंद झाल्या आणि नजर कागदात घातली. "दिवंगत ऑर्लिनच्या स्मरणार्थ," त्या म्हणाल्या, "त्याच्या गाठोड्याला कुणी हात लावायचा नाही." टाळ्या पडल्या. ऑर्लिननेही वाजवल्या. सव्वीस वर्षांत त्याचं कौतुक असं कुणी केलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

नंतर बाईंनी त्याला कोपऱ्यात गाठलं. "पत्र मागे घ्यायचं एक काम गाठोड्यात घालता येईल तुम्हाला. पण तुम्ही जिवंत झालात, तर स्मरणार्थ कसं म्हणायचं? मग तुकडे करावेच लागतील."

"राहू द्या," ऑर्लिन म्हणाला.

सोमवारी आठच्या ठोक्याला तो बर्निसपुढे उभा राहिला. पाहुण्यांच्या वहीत 'कोणाला भेटायचं आहे' असा रकाना होता. त्यात त्याने सावकाश, चांगल्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

बर्निसने ते वाचलं. "आहे आत," ती म्हणाली. "जा."