नको सर

आमच्या सरांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द बहुतेक वेळा 'नको' असायचा. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस मैदानाच्या फाटकातून आत आला, की सर तोंडातली शिट्टी काढून लांबूनच 'नको' म्हणायचे. तो बिचारा कधीकधी नुसता पाणी प्यायला आलेला असायचा. मुलींनी त्यांना नको सर हे नाव ठेवलं ते यावरूनच. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते नाशिकला आमच्या संस्थेच्या मैदानावर धावणं शिकवायला आले. मी त्यांच्या हाताखाली धावले, आता तिथेच मुलींना शिकवते. आमच्यातल्या बऱ्याच जणी पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहायच्या. अशी मुलगी जिंकली, की पेपरवाल्यांना एकच फोटो हवा असायचा, अनवाणी पायांचा. पायात चांगले बूट असले तर ते काढायला लावायचे. एकाने असं सांगितलं तेव्हा सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी तुमचे काढा. दोघांचा एकत्र फोटो घेऊ." दुसऱ्या दिवशी आमच्या विजयाची बातमी कुठेच नव्हती.

त्यांचे नियम कडक होते. शर्यत संपली की आधी पाणी, मग अंगात जॅकेट, मग श्वास जागेवर येईपर्यंत गप्प बसायचं. त्यानंतर कुणाला काही विचारायचं असेल तर धावण्याबद्दल विचारावं. घरची गरिबी, आईबाप, जात यांबद्दल नाही. हरलेल्या मुलीला त्या दिवशी कुणीच काही विचारायचं नाही, आम्हीसुद्धा नाही.

शनिवारी सराव संपला की ते स्वतःच पत्रकार व्हायचे. शिट्टी माईकसारखी आमच्या तोंडासमोर धरून गोड आवाजात विचारायचे, "बाळा, घरी किती दिवस उपाशी झोपलीस?" जी लाजून हसेल तिला मैदानाची एक फेरी जास्त. "नको, मला धावण्याबद्दल विचारा," असं जी ठणकावून म्हणेल तिला शेंगदाण्याचा लाडू. मंगला सुरगाण्याकडची, आमच्यातली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात लाजाळू. तिने लाडू क्वचितच मिळवला.

सरांचं सगळं बरोबर होतं असं नाही. एक वार्ताहर मुलगी खरोखरच आमच्या सरावावर लिहायला आली होती, तिलाही त्यांनी वाटेला लावलं. मला तर पेपरात फोटो हवाच होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनीही माझी समजूत काढली नाही.

मंगलाने राज्य स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि संस्थेच्या सचिवांना प्रसिद्धीची घाई झाली. सर दुसरा संघ घेऊन बाहेरगावी गेलेले बघून त्यांनी एका वाहिनीच्या माणसांना मंगलासोबत थेट तिच्या घरी नेलं. तिथे तिला बूट काढून तापलेल्या डांबरावरून धावायला लावलं. मग कॅमेरा घरात शिरला. दुपारची वेळ होती, तिचा बाप पिऊन पडला होता. बाबा रोज पितात का, असं तिला विचारलं. कॅमेऱ्यामागे सचिव उभे होते, मानेने 'बोल, बोल' अशी खूण करत. ती म्हणाली, "कधी कधी."

एवढं पुरलं. 'दारुड्या बापाची सोनेरी लेक' ही बातमी गावोगावच्या फोनवर फिरली. तिचा बाप हंगामात विंचूरकडे द्राक्षबागेत कामाला जायचा. तिथल्या मजुरांच्या टोळीने त्याला व्हिडिओचा तो तुकडा जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा दाखवला. त्याने येऊन मंगलाला वसतिगृहातून घरी नेलं.

सर तिला आणायला सुरगाण्याला गेले, मीही सोबत होते. बापाने आम्हाला बसायला खाट टाकली, पाणी दिलं. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. "सर, तुमच्यावर राग नाय," तो म्हणाला. "पर माझं तोंड समद्यांच्या मोबाईलमधी हाय. पोरगी नाय पाठवायची." मंगला दाराआड उभी होती. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी विनवणी केली असेल, आणि ती फुकट गेली.

परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "नको म्हणायला शिकवलं गं मी पोरींना. पण आपल्याच माणसाला नको म्हणायचं, ते शिकवायचं राहिलं."

संस्थेच्या बैठकीत त्यांनी सचिवांना जाब विचारला. सचिव म्हणाले, प्रसिद्धी मिळाली, आता प्रायोजक येतील. प्रायोजक आले. त्यांच्या पैशातून फाटकाला कमान झाली आणि कमानीवर सचिवांचा फोटो लागला. सरांना 'सल्लागार' केलं, म्हणजे मैदानावर यायचं कारण उरलं नाही. तरी ते सकाळी येऊन पायऱ्यांवर बसायचे. शिट्टी खिशातच असायची. आजही त्या कमानीखालून जाताना माझं तोंड कडू होतं.

यंदा थंडीत सर गेले. ज्यांनी त्यांना पायऱ्यांवर बसवलं, त्यांनीच सभागृहात शोकसभा घेतली. खेळाडूंचा खरा पालक हरपला, असं सचिव बोलले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या दाराने मंगला आली. द्राक्षांच्या कामावरून सुट्टी काढून आलेली, हातावर बागेतल्या औषधाचे डाग. मला बघून "ताई" एवढंच म्हणाली. व्यासपीठाखाली सगळ्यांनी काढल्या होत्या तिथेच तिने चपला काढल्या आणि सरांच्या फोटोला फूल वाहायला वर गेली.

सचिवांनी कुणाच्या तरी कानात काही सांगितलं. फोन धरलेला एक जण पुढे सरकला आणि वाकला. त्याने फोन तिच्या पायांपाशी नेला, मग हळूहळू वर चेहऱ्याकडे आणला. मी खुर्च्या ढकलत पुढे गेले आणि त्याच्यासमोर हात आडवा धरला.

"नको," मी म्हणाले.

"मॅडम, लाइव्ह चालू आहे," तो म्हणाला. "कधीच गेलं."

त्याच्यामागे, व्यासपीठावरून उतरलेली मंगला एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत होती.