गुरुवारची मोजणी

दत्तूभाऊंच्या नंबरवरून फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं. साइटवर निघायचं होतं, गाडी खाली उभी होती आणि या माणसाचा पत्ता नव्हता. पलीकडचं काही ऐकायच्या आतच मी सुरू झाले, "काय हो, आज पुन्हा दांडी? आधी सांगायला काय होतं तुम्हाला?" पलीकडून त्यांचा मुलगा संतोष म्हणाला, "मॅडम, आण्णा गेले. पहाटं छातीत दुखाय लागलं, दवाखान्यात न्हेईपत्तोर..." मी "बरं" म्हणाले. खरंच, तेवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता दीड महिना होईल. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

बावधनला आमचं रस्ते आणि पुलांचे नकाशे करणारं छोटं ऑफिस आहे. मी तिथं इंजिनिअर, दत्तूभाऊ खलाशी. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्या धंद्यात मोजणीची पट्टी उभी धरणाऱ्या, खुंट्या ठोकणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. मुठा गावाहून एसटीनं यायचे, डबा आणायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. माणूस गेला की तो लगेच शांत, प्रेमळ, सोशिक वगैरे होतो. दत्तूभाऊ यातलं काहीही नव्हते. चिडके होते, हट्टी होते आणि आपलं खरं झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मी अकोल्याची, इथं नवी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चारचौघांत सांगितलं की मॅडमनी नकाशा उलटा धरलाय. आणि तो होताही उलटा! तेव्हापासून आमचं जे काही होतं त्याला मैत्री म्हणावं की नाही, मला ठरवता येत नाही. भांडायचो मात्र रोज.

पुलाचं काम आमच्याकडे आलं ते तीनेक वर्षांपूर्वी. आमच्या मुळशी तालुक्यात रेल्वे नाही. मारुंजीच्या पुढं हद्द ओलांडली की ती लागते. तिथलं जुनं फाटक कायमचं बंद झालं होतं. मारुंजीत खोल्या घेऊन राहणारे कामगार पलीकडच्या कारखान्यांत जायचे ते सायकल खांद्यावर घेऊन, रूळ ओलांडून. त्यांच्यासाठी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा पूल करायचा होता. पायऱ्या नकोत, सायकल, चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, सगळं विनाअडथळा गेलं पाहिजे, असं ठरलं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण रेल्वेच्या विजेच्या तारांवरून जायचं म्हणजे पूल उंच न्यावा लागतो, उंच नेला की चढणीचा रॅम्प लांबतो आणि रॅम्प लांबला की जागा आणि खर्च बघून वरच्यांचे चेहरे पडतात. मी नियमात बसेल इतका चढ धरून रॅम्प आखला आणि खूश झाले.

दत्तूभाऊंना नकाशा वाचता येत नाही असं ऑफिसात सगळे समजायचे. ते साफ चूक होतं. त्यांनी रॅम्पवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो चढ आपल्या पार्किंगच्या उतारावानी हाय का?" साधारण तेवढाच होता. मग या गृहस्थांनी खालच्या हॉटेलवाल्याची सायकल घेतली, मागं भरलेलं गॅसचं सिलिंडर बांधलं आणि भर दुपारी ती पार्किंगमधून ढकलत वर आणली. एकदा नाही, तीनदा. वॉचमन हसत होता, मी गॅलरीतून ओरडत होते, "दत्तूभाऊ, पुरे झालं, पडाल!" वर आले ते घामाघूम. म्हणाले, "मॅडम, तुमी हिथनं रिकाम्या हातानं जाताय. माणूस कामावरनं येतोय तो दमूनच येतोय. मदी दम खायला सपाट जागा ठिवा, आन चढ कमी करा." मी चिडले, कारण सगळं नव्याने आखावं लागणार होतं. आखलं. रॅम्प आणखी लांबला.

आता माझ्या चुकीकडे येते. पूल मंजूर व्हायचा तर तिथून किती माणसं जातात ते मोजून द्यावं लागतं. ऑफिसची गाडी आठवड्यात एकाच दिवशी मोकळी होती, म्हणून मी तो दिवस धरला. गाडीत बसतानाच दत्तूभाऊ म्हणाले, "मॅडम, आज गुरुवार हाय. पलीकडच्या कंपन्यांला सुट्टी असती. आज हितं कुत्रं बी फिरकायचं न्हाई." आमच्याकडे सुट्टी म्हणजे रविवार. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावरही मी ऐकलं नाही, हे जास्त वाईट. म्हणाले, "तारीख ठरलीये, गाडी मिळालीये. मोजायचं ते मोजायचं. पुढच्या वेळी तुम्ही ठरवा." दिवसभर आम्ही रुळांकडेला सतरंजी टाकून बसलो. बाजाराला निघालेल्या दोन बायका, शेळ्या घेऊन एक म्हातारा, असंच कोणीकोणी गेलं. अहवालात मी तारीख लिहिली, वार लिहिला नाही.

महिन्याभराने वरच्यांकडून उत्तर आलं : वर्दळ फारच कमी, एवढ्या लांब रॅम्पची गरज दिसत नाही, जिने पुरेत, लिफ्टचं पुढं बघू. म्हणजे पूल होणार, पण सायकल खांद्यावरच राहणार. दत्तूभाऊंनी ते ऐकलं आणि शुक्रवारची रजा टाकली. सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर दोन कापडी पिशव्या ठेवल्या. आत चिंचोके. "ही सायकलवाली, ही पायी. आन ह्या पुडीत येगळी, कुबडीवाला, बाळाच्या गाड्या, तसली. शुक्रवारी दिसभर बसलो हुतो." सायकल गेली की एक चिंचोका या पिशवीत, माणूस गेला की त्या पिशवीत. पिशव्या टम्म फुगल्या होत्या. मला राग आला, खरं तर लाज वाटली, पण ती रागासारखीच बाहेर पडली. "आता काय चिंचोके जोडून अहवाल पाठवू मी?" ते म्हणाले, "ते तुमी बघा. मी मोजलं," आणि चहाला निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, "सर, ती मोजणी सुट्टीच्या दिवशी झाली. ती रद्द करून पुन्हा करायला हवी." नोकरी जाईल असं वाटत होतं. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं हे?" मी म्हणाले, "माझ्याच." साहेब म्हणाले, "चांगलं झालं, वेळेवर लक्षात आलं तुझ्या." पत्रातही तसंच गेलं. मंगळवारी पुन्हा मोजणी झाली, दोन माणसं कमी पडली इतकी वर्दळ होती, आणि रॅम्प नकाशात परत आला. सपाट जागांसकट. अंतिम अहवालाचं बाड बांधून आलं तेव्हा दत्तूभाऊंनी ते हातात घेऊन वजन बघितलं. "माझं नाव घातलंय का ह्याच्यात कुटं? गुरुवारचं मी सांगितलं हुतं म्हून?" माझी नजर स्क्रीनवर होती. "घातलंय हो, घातलंय." ते खूश झाले. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही.

दहाव्याला मी मुठ्याला गेले. पंचवीस-तीस माणसं, भिंतीकडेला बसलेल्या बायका. मी ऑफिसची म्हणून मला खुर्ची दिली. विधी उरकल्यावर संतोष जवळ आला. "मॅडम, आण्णा सगळ्यांला सांगायचे, पुलाच्या कागदावर आपलं नाव हाय. त्या पानाची येक झेरॉक्स द्याल का? फ्रेम करून लावायची हाय." मागं त्याची आई ऐकत होती. मी म्हणाले, "पाठवते." दुसऱ्यांदा तेच केलं, आणि तेही त्यांच्याच घरात बसून.

पुलाचं काम आता सुरू झालंय. अहवाल बंद झाला, त्यात आता काही घालता येत नाही. मी विचारून बघितलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी दत्तूभाऊंवर लिहिते असं मीच कळवलं, आणि चार आठवडे त्यांच्या स्वभावाचे किस्से लिहून खोडत बसले. काल संतोषला फोन केला आणि सगळं सांगितलं. झेरॉक्स मिळणार नाही, नाव तिथं नाहीच, मी तुझ्या वडिलांशी खोटं बोलले. तो म्हणाला, "मॅडम, ते रोज सांगायचे वो..." आणि थोड्या वेळाने, "मग आता तरी लिवा की." मी कागद ओढला आणि त्याला वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. इतकी वर्षं एका गाडीतून फिरलो, ते मला माहीत नव्हतं.

दत्तात्रय धोंडिबा शेडगे, मुक्काम मुठा, तालुका मुळशी. गुरुवारची मोजणी चुकीची आहे, हे यांनी सांगितलं होतं.