नवऱ्याच्या फोनवरचं रुखवत

कसबा बावड्यात कुणाच्या घरी लगीन ठरलं की हॉलच्या आधी स्नेहलचं नाव निघायचं. रुखवत करावं तर स्नेहलनं! खोबऱ्याच्या वाटीची बैलगाडी, फेटा बांधलेल्या काजूंची वरात. मांडवात बायका नवरीला सोडून त्या टेबलाभोवती गोळा व्हायच्या. लगीनसराई तोंडावर आली की स्नेहल स्टेटस टाकायची, 'नमस्कार मंडळी! यंदाची नवी डिझाईन आली. लवकर बुकिंग करा.' मग चहा पीत, कुणीकुणी बघितलं ते बघत बसायची. पन्हाळ्याहून, वारणानगरातून फोन यायचे. बाई खूश.

मग दीक्षानं स्वतःचं काम सुरू केलं, आणि सगळा विचका झाला.

ही दीक्षा गल्लीच्या पलीकडच्या टोकाची पोरगी, स्नेहलच्याच हाताखाली शिकलेली. डिंक किती लावायचा, काजूला फेटा कसा बांधायचा, सगळं स्नेहलकडूनच घेतलं. वेगळी झाली तीसुद्धा सांगूनसवरून, पेढे घेऊन येऊन. रागवायला काही कारणच ठेवलं नाही पोरीनं, आणि त्याचाच स्नेहलला जास्त राग. भांडण झालं असतं तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या!

त्यात यंदा दीक्षानं काय काढावं? नवरीचं माहेरचं घर. पुठ्ठ्याचं, हातभर. गडहिंग्लजच्या एका पोरीचं घर केलं, तर दारातला हापसा, त्याच्याखाली घागर, दोरीवर वाळत घातलेलं आईचं लुगडं, सगळं जसंच्या तसं. मांडवात नवरी ते बघून हमसून हमसून रडली. तो व्हिडिओ दीक्षानं स्टेटसला टाकला. स्नेहलनं बघितला आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आपली बैलगाडी बघून कधी कोण रडलंय?

"ह्यात काय इशेष? पुठ्ठाच तर हाय," ती सासूला म्हणाली.

"पुठ्ठा हाय खरं, पर जीव वतलाय की पोरीनं," तानाबाई म्हणाल्या. त्या दिवशी स्नेहलच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

आता दीक्षाचं स्टेटस बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. जमतंय व्हय! पण बघितलं की बघणाऱ्यांत आपलं नाव उमटणार. जिला शिकवलं तिच्याच दारात डोकावतोय, हे त्या पोरीला कळावं? छे! लपून बघायची सोय फोनात असते म्हणे, पण ती केली की आपलं स्टेटस कुणी बघितलं तेही दिसत नाही, आणि ते तर बाईला सोडवेना. मग तिनं युक्ती काढली. नवरा सम्राट छोटा टेम्पो चालवायचा. स्नेहलचं रुखवत तोच पोचवायचा, आणि हल्ली दीक्षाचंही. म्हणजे दीक्षाचा नंबर त्याच्याकडे होताच. दुपारी जेवून तो आडवा झाला की स्नेहल हळूच त्याचा फोन उचलायची. मोठं करून बघायची, कुठं डिंक ओघळलाय का. ओघळलेला नसायचा. मेलीचा हात साफ होता. तो कुणी साफ केला हे आठवलं की जीव आणखीच जळायचा.

लगीनसराई अशीच चालली होती. एका रविवारी दुपारी दीक्षा घरी आली. "जय भीम, ताई," म्हणाली आणि कोपऱ्यात अंग चोरून बसली. चहा नको म्हणाली.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"ताई, कसं सांगू... सम्राट भाऊजींस्नी जरा समजावा. मी कायबी टाकलं की दुपारी बघत्यात. रोज. एकबी सोडत न्हाईत. परवा माझा साडीतला फोटो टाकलता, त्योबी बघितला. माझा भाऊ लई भडकलाय. त्येंच्या टेम्पोत परत माल द्यायचा न्हाय म्हणतोय."

आता गंमत बघा. ऐकल्याबरोबर स्नेहलचं डोकं सणकलं. बघतोय? हिला? रोज? हातातली कात्री टाकून ती झोपलेल्या नवऱ्याकडे तरातरा निघालीसुद्धा. आणि मधेच तिला आठवलं, बघणारं कोण ते.

तोवर आत तांदूळ निवडणाऱ्या तानाबाई बाहेर आल्या होत्या. "ऊठ रं मुडद्या! पोरीबाळींचं फोटू बघतोस व्हय?"

सम्राट डोळे चोळत उठला. "कुणाचं फोटू? आयशप्पत, मी न्हाय!" मग तो बायकोकडं वळला. "स्नेहल, तू तरी सांग की."

गप्प राहिली असती तर? तो चार दिवस शिव्या खाऊन मोकळा झाला असता, आणि हिची मान ताठ राहिली असती. तेही स्नेहलच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. पण हा सरळ माणूस उद्या गल्लीत खाली मान घालून टेम्पो काढणार, आणि दीक्षाचा भाऊ त्याला नको ते बोलणार.

"त्येनं न्हाय," ती म्हणाली. "मी बघतोय. त्येच्या फोनवरनं."

तानाबाईंनी कपाळावर हात मारला. दीक्षाला काही उमजेना. "पर ताई, तुमच्याकडं माझा नंबर हाय की."

"तुला कळू ने म्हणून."

"मी रोज तुमचं नाव हुडकतोय," दीक्षा म्हणाली. "सगळी बघत्यात, ताई बघत न्हाईत. म्हटलं, आवडलं नसंल. आवडलं का?"

स्नेहलनं मघाशी टाकलेली कात्री उचलून ठेवली.

"त्ये घर लई चांगलं हाय, दीक्षा. लई म्हंजी लईच. म्हणून तर बघवत न्हाय मला. आन् न बघता ऱ्हावतबी न्हाय."

दीक्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सम्राटनं आपला फोन उशाखालून काढून खिशात घातला. "आता सवताच्या फोनवरनं बघ," तो म्हणाला.

स्नेहलनं स्वतःचा फोन घेतला आणि दीक्षासमोरच तिचं त्या दिवशीचं स्टेटस उघडलं. नवं घर होतं, अंगणात इवलीशी चूल. दीक्षाच्या फोनवर स्नेहलचं नाव उमटलं. दीक्षा ते नाव बघत राहिली, आणि स्नेहल ती चूल. पोटात अजून दुखतच होतं.