खांबावरची बाई

नागपूर सोडलं त्या दिवशी आईने मला गल्लीतल्या दारोदारी फिरवलं. विमान संध्याकाळचं होतं, एक बॅग वजनाला जास्त भरत होती. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, हॉलमध्ये फतकल मारून लोणच्याची बरणी काढू की प्रेशर कुकर काढू या विवंचनेत बसला होता. आणि आई माझा हात धरून म्हणत होती, "चाल, सांगून येऊ." मी म्हटलं, अगं सगळ्यांना माहीत आहे, ग्रुपवर टाकलंय मी. तिने कपाळाला हात लावला. "माहीत असणं वेगळं बाई, आणि दारात जाऊन सांगणं वेगळं."

तेव्हा महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. चौकात हात जोडलेल्या माणसांचे फ्लेक्स लागले होते आणि त्यातलाच एक हात जोडलेला माणूस आमच्या पुढे चार घरं चालला होता. तो ज्या दारातून निघे त्याच दारात आम्ही जात होतो. कुणीतरी विचारलंही, "काय ताई, तुम्ही पण उभ्या राहून राहिल्या का?" प्रत्येक घरी माझ्या हातावर दही-साखर पडली, प्रत्येक घरी मी वाकले आणि मनातून वैतागत राहिले. शेवटचं घर वानखेडेकाकूंचं होतं. मी घड्याळ दाखवलं, गाडी आली होती, ते राहिलंच. काकू ते आजही बोलून दाखवतात. आई फोनवर मधूनमधून म्हणते, "वानखेडेबाई विचारून राहिली होती, तुझ्या पोरीला आमचंच दार दिसलं नाही का."

आम्ही आलो ते आयर्लंडच्या मध्यावर, ॲथलोनला. नकाशात बोट ठेवलं तर बरोबर पोटावर पडेल असं हे गाव. मधून मोठी नदी, दोन्ही काठांवर गाव, आणि गावाबाहेर माझी कंपनी. हृदयाच्या झडपांसाठी लागणाऱ्या नळ्या आम्ही तिथे बनवतो, मी क्वालिटीत आहे. स्टेशनवर उतरलो तेव्हा घ्यायला मंजिरीवहिनी आल्या होत्या. ना ओळख ना पाळख, कुणीतरी कुणालातरी फोन केला होता एवढंच. त्यांनी घरी नेऊन वरण-भात वाढला, आठवडाभर ठेवून घेतलं, आणि कपाटाला इथे प्रेस म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं, नाहीतर घर दाखवणारी बाई प्रेस प्रेस म्हणत होती तेव्हा मी इस्त्री शोधत बसले असते. गावातला गणपती त्या बसवतात. नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला पहिलं जेवण त्यांच्याकडे असतं. त्यांच्याबद्दल एवढं सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते यांच्याशी केलं.

इथे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, निवडणुकीत नागरिक नसलात तरी मत देता येतं, उभंही राहता येतं. तुम्ही जे तिकडे मागे राहिलात त्यांना हे खरं वाटणार नाही. मलाही शेजारच्या मॉरीनने सांगितलं तेव्हा वाटलं नव्हतं. मॉरीन निवृत्त शिक्षिका, सगळ्या गावाच्या भानगडींची तिला खडान्खडा माहिती. आमच्या वसाहतीपासून कंपनीपर्यंतच्या रस्त्याला फुटपाथ नाही, दिवा नाही. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारतं. ज्यांच्याकडे गाडी नाही अशा बायका शिफ्ट संपवून त्या रस्त्याने झुडपांना चिकटून चालत येतात, आणि गाड्या वाऱ्यासारख्या बाजूने जातात. मी कौन्सिलला मेलवर मेल पाठवून दमले होते. मॉरीन म्हणाली, मेल काय पाठवतेस, उभी राहा.

आणि मी उभी राहिले. अपक्ष.

त्या दिवसांत मला भलताच उत्साह चढला होता. ऑफिसातून आले की मॉरीनबरोबर दारोदारी. इथली माणसं इतकी गोड! कुणी तोंडावर दार लावत नाही. "यू'र ग्रँड, लव्ह, आय'ल गिव्ह यू अ नंबर." इथे मतपत्रिकेवर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात. मी प्रत्येक नंबर म्हणजे एक नंबर समजून खूश होऊन परतायची. मॉरीन हसायची. "नंबर देईन म्हणाली, कितवा ते नाही म्हणाली." माझे फोटो खांबाखांबांवर लागले. निळा कोट, मोकळे केस, दात दिसतील न दिसतील असं हसू. कुंकू नाही, मंगळसूत्र कोटाच्या आत. फोटो काढताना मीच ते आत सरकवलं होतं. माझी लेक ईरा शाळेच्या बसमधून ते फोटो मोजायची आणि म्हणायची, "मम, यू'र एव्हरीव्हेअर."

चैत्रात मंजिरीवहिनींचं हळदीकुंकू असतं. इथे कैरी मिळायला डब्लिन गाठावं लागतं, पण त्या आंब्याची डाळ करतात म्हणजे करतात. पन्हं, भिजवलेले हरभरे, गौरीची आरास, आणि आसपासच्या सगळ्या बायका. त्यांचा फोन आला. "अगं, तू येच. सगळ्याजणी असतील. डाळ खाऊन झाली की पाच मिनिटं बोल तुझ्या रस्त्याचं. आणि मी म्हणते, एखाद्या शनिवारी आम्ही पण येतो तुझ्याबरोबर दारोदारी. आठ-दहाजणी गेलो तर वजन पडेल."

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगते. साड्या नेसलेल्या आठ-दहा बायका, मोठ्याने मराठी बोलत, कुण्या मर्फीच्या दारात. आणि त्या हळदीकुंकवाचे फोटो फेसबुकवर, मध्ये मी, कपाळभर कुंकू. महिनाभर मी दारोदारी जे सांगत होते, की मी इथलीच आहे, ते सगळं पुसलं जाईल असं मला वाटलं. मी म्हटलं, "वहिनी, धर्माचं आणि राजकारणाचं एकत्र नको ना. आणि तुम्ही कशाला उगाच त्रास घेता? आपली माणसं काय, आपलीच आहेत. मी ग्रुपवर मेसेज टाकते."

त्या म्हणाल्या, "बरं. ग्रँड." परक्याला गोड बोलून वाटेला लावायचा इथला तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी मॉरीनबरोबर नदीपलीकडच्या गल्ल्या फिरत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी डाळीचा डबा आमच्या दाराबाहेर ठेवून गेलं होतं. ग्रुपवर मी छान मेसेज टाकला, वर ॲथलोनचा फोटो, खाली हात जोडलेला इमोजी. त्यावर भराभर अंगठे आले. अंगठ्यांवर मी विसंबले. नागपूरच्या निवडणुका बघत वाढलेली मी, जिथे सख्खा भाऊसुद्धा "मला कुणी विचारलंच नाही" म्हणून मतदानाच्या दिवशी घरी झोपून राहतो, तिथली मी. हे मला कळू नये?

मतमोजणी खेळाच्या हॉलमध्ये असते. कठड्याच्या आत कर्मचारी एकेक पेटी उघडून मतपत्रिका उलट्या-सुलट्या करतात, आणि कठड्याला पोट टेकून पक्षांची माणसं कुठल्या पेटीत कुणाला किती हे पेन्सिलीने टिपत राहतात. मॉरीन यात पटाईत. नदीपलीकडच्या पेटीत मला बरी मतं होती, दोन नंबर, तीन नंबर तर खूप. मी मनातल्या मनात आभाराचं भाषण जुळवत होते. मग आमच्या वसाहतीची पेटी उघडली. त्या पेटीत आपल्या लोकांची घरंच घरं आहेत. मॉरीनची पेन्सिल चालेना. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "तुझ्या लोकांना मतदान आहे हे माहीत नव्हतं का?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला वाटलं, हॉलमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्या कठड्याला टेकलेल्या प्रत्येक माणसाला आता कळलं होतं की ही बाई ज्या गल्लीत राहते त्या गल्लीने हिला ओळख दिली नाही. इथे दर फेरीत सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद करत जातात; दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या जागेसाठी तिघेच उरले असताना, मी बाद झाले. थोडक्यात गेलं. आमच्या एका वसाहतीने भरून निघालं असतं इतक्या थोडक्यात. फुटपाथचा विषय माझ्याबरोबरच संपला. निवडून आलेल्यांपैकी कुणाच्याच पत्रकात तो नव्हता.

संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या दारात गेली होती का?"

"अगं, मेसेज—"

"दारात गेली होती का?"

"नाही."

"मग काहून येतील ते?" आणि वर, "वानखेडेबाईपासून काही शिकली नाहीस तू."

इथला नियम असा, की निवडणूक झाली की आठवड्याच्या आत ज्याचे फोटो त्याने उतरवायचे, नाहीतर दंड. शनिवारी सकाळी मिलिंद शिडी धरून उभा आणि मी वर, कात्री घेऊन प्लॅस्टिकचे पट्टे कापतेय. स्वतःचं हसरं तोंड स्वतःच्या हाताने उतरवण्यासारखी लाज नाही. जाणारे येणारे गाडीची काच खाली करून "हार्ड लक!" म्हणत होते, आणि प्रत्येकाला मला वरून हसावं लागत होतं. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी आलो तर मंजिरीवहिनी दुधाची पिशवी घेऊन चालत येत होत्या. मला शिडीवरून उतरायला जागा नव्हती.

त्या थांबल्या. त्यांनी हात वर केला आणि मी उतरवलेला फोटो घेतला, उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. मग दुसरा घेतला.

"मी दिलं तुला मत," त्या म्हणाल्या. "एक नंबर. दुसरा आकडा घातलाच नाही."

मी शिडीवरच रडायला लागले.

"बाकीच्यांना मी सांगू शकले असते गं. पण तूच नको म्हणालीस. मला वाटलं, तुला आमची अडचण होत असेल."

तसं नव्हतं असं म्हणणं खोटं झालं असतं. वानखेडेकाकू म्हणतात तसं दार दिसलंच नसतं, चुकलं असतं, तर माफीही मागता आली असती. पण माझं दार चुकलेलं नव्हतं. मला ते दिसत होतं, आणि मी त्या दारातून कुणी माझ्यासोबत बाहेर येऊ नये म्हणून ते टाळलं होतं. वहिनींनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चहाला ये," म्हणाल्या आणि गेल्या. कधी, ते म्हणाल्या नाहीत.

रविवारी मी निघाले. मिलिंदला म्हटलं, तू येऊ नकोस. कपाळाला कुंकू लावलं, हातावर ठेवायला डब्यात साखर घेतली. कुंकू लावताना मात्र मला आणखी लाज वाटली, की आता गरज सरल्यावर लावतेय. पण पुसलं नाही. आईच्या मागे फिरले होते तशीच फिरणार होते, फक्त आता मागायला काही नव्हतं आणि सांगायला, चुकलं एवढंच होतं. पहिलं घर वहिनींचं करायची हिंमत झाली नाही. त्यांच्या शेजारच्या घराची बेल वाजवली. तिथे पुण्याचं एक जोडपं राहतं. दोन वर्षं झाली त्यांना येऊन, दुकानात ती आणि मी हसतो एकमेकींकडे.

दार त्यांच्या सहा-सात वर्षांच्या मुलीने उघडलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. डोळे मोठे झाले. मग मान वळवून आत ओरडली, "मम्मी! इट्स द लेडी ऑन द पोल!"

आतून मिक्सरचा आवाज थांबला. "कोण? कोण आलंय?"

गणपतीत मी या पोरीच्या हातावर दोनदा प्रसाद ठेवला असेल. तिला मी ओळखू आले ती खांबावरून. तुम्ही जे तिकडे राहिलात ते विचारता, आता घर कुठलं वाटतं, नागपूर की तिकडचं. आणि जे माझ्यासारखे इकडे आलात ते विचारत नाही, कारण उत्तर नसतं हे तुम्हाला माहीत आहे. मला त्या उंबऱ्यावर एवढंच कळलं, की घर म्हणजे जिथे दारात जाऊन सांगावं लागतं, आणि न गेल्याचा राग येणारी माणसं जिथे असतात. नागपूरला एक वानखेडेकाकू अजून रागावलेली आहे म्हणून ते घर आहे. इथे आता अख्खी वसाहत होती.

मुलीची आई हात पुसत दारात आली. मला पाहून थबकली. ओळखीचं हसावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

"मी पलीकडच्या गल्लीत राहते," मी म्हणाले, आणि साखरेचा डबा उघडला.