आत्याच्या पोटातलं पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — सांगताना स्वतःची किळस येतेय, ती येऊ दे.

मुरबाडजवळच्या वैशाखरे गावात माझी आत्या राहायची. मी तेव्हा शहापूरहून मुंबईला जाऊन पीएच.डी. करत होतो. घराण्यातला पहिला शास्त्रज्ञ — केवढा तोरा! तिची बोली मित्रांच्या कानावर पडली की मी मान फिरवायचो. असल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

माझं काम म्हणजे बोटाएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसासारखी बारीक वाट, खाली लोहचुंबक. कॅन्सरच्या पेशींनाच चिकटणारे चुंबकीय कण द्रवात मिसळायचे. द्रव वाहून जातो, पेशी चुंबकापाशी अडकतात. फक्त खऱ्या रुग्णाच्या पोटातला द्रव हवा होता — आणि त्यासाठी परवानग्या, खेटे.

तेवढ्यात आत्याचं पोट फुगलं. मुरबाडचे डॉक्टर सुईने पाणी काढायचे आणि बजावायचे, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी लगेच पुढे झालो. "आत्या, पाणी मी नेतो. आमच्याकडे तपासतो."

"ने बाबा. घरचाच डाक्तर हाय, मग मुंबईला कशाला जाव? नाय जायची मी."

मी तसला डॉक्टर नव्हतो. होणारही नव्हतो. पुढच्या खेपेला बाटली घेऊन हजर झालो.

पहिल्याच बाटलीत पेशी सापडल्या — सूक्ष्मदर्शकाखाली, चुंबकाच्या कडेला नुसती झुंबड. मला काय वाटलं असेल? भीती? छे! मी चक्क शीळ घातली. गाईडना सांगितलं, ओळखीच्या दवाखान्यातून आणलंय.

"काय निघालं रे पाण्यात?" आत्या विचारायची.

"बघतोय अजून."

का लपवलं? परवानगीशिवाय चोरून घेतल्याचं उघड होईल म्हणून — असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. ती दवाखान्यात गेली असती, औषध लागू पडलं असतं, तर पाणी थांबलं असतं — आणि मला पुढची बाटली हवी होती. बस्स. एवढाच मी.

भातकापणीच्या दिवसांत ती गेली. त्याच पेशींचे फोटो मी परिषदेत पडद्यावर दाखवले. सुटाबुटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून घेतल्या.

तेराव्याला तिचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, आईसाठी तू लय केलंस. आमाला काय कळत होतं?"

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं. मग पंगतीला बसलो — आणि पोटभर जेवलो.