दादऱ्याची गाठ

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीहून नांदेडच्या एसटीत बसले होते, मांडीवर तिच्यासाठी केलेल्या कढीचा डबा. उतरून तरी कुठं जाणार होते? तशीच बसून राहिले...

माझी ही धाकटी बहीण कणांच्या तुटण्याचा अभ्यास करायची. एक बारीक कण एका ठरावीक रीतीनं तुटतो, पण अगदी क्वचित. आजवरच्या नियमात बसतं त्याहून जास्त वेळा तुटला, तर समजायचं, आत कुणीतरी अनोळखी हात घालून राहिलंय. त्या अनोळख्यापायी पोरीनं सारं आयुष्य घातलं. पाहुणे विचारायचे, "पन ते दिसतं का?" ती हसायची, "दिसलं असतं तर कवाच घरी आले नसते का?"

हा अभ्यास करणाऱ्यांच्यात एक रीत आहे. उत्तर जिथं असणार तेवढा भाग झाकून ठेवायचा आणि बाकीची तपासणी पुरी होईपर्यंत कुणी बघायचं नाही, कारण आधी बघितलं की मन हवं तसं मोजतं. आमची आई लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ताकीद द्यायची, बैलपोळ्याआधी हात लावायचा नाही. मी हमखास गाठ सोडून फोड पळवायची. शालू नुसती बरणीकडं बघत बसायची, येडी.

यंदा उन्हाळ्यात ती आजारी होऊन घरी आली. कैऱ्या मी फोडल्या, मसाला तिनं कालवला, दादराही तिनंच बांधला. पुढं नांदेडच्या दवाखान्यात असताना तिच्या कामातल्या सोबत्याचा फोन आला. तपासणी थोडीच राहिलीय, तुमच्यापुरतं उघडून दाखवू का? ती म्हणाली, "नको."

"काहून गं? आता कुणाची वाट बघून राहिली?"

"आक्का, माझ्यासाठी उघडलं तर माझ्या मनासारखंच दिसंल."

"दिसू दे की! जाताना तरी दिसू दे!" मी ओरडलेच.

तिनं माझा हात धरला. "तू पन ना... अजून फोडच पळवायलीस."

मला तिचा राग आला. अजून येतो.

तेराव्यानंतर त्यांनी उघडलं. जुन्या नियमानं जेवढं निघायचं तेवढंच निघालं. अनोळखी कुणी नव्हतं. "पण उत्तर पक्कं आहे, ताई," सोबती सांगत होता आणि रडत होता. मी तिच्या फोटोपुढं जाऊन म्हटलं, "न्हाई निघालं गं, लेकरा."

परवा पोळा झाला. सून म्हणाली, "आत्याबाई, बरणी काढू का?" जन्मभर चोरून गाठ सोडणारी मी, आता सोडायची मुभा आहे तर हात धजत नाही. लोणचं काय, पुढच्या वर्षी पुन्हा घालता येईल. गाठ शालूच्या हातची आहे.

सुनेला म्हटलं, दुकानातून लोणच्याचं पाकीट आण.