सुरकुत्यांची वाट पाहताना

करडी गावी आमच्या धानाच्या कापणीत विळा निसटला आणि माझं डावं मनगट कापलं. नस शिवली, जखम भरली. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं झोपली ती झोपलीच. रोवण्यात, म्हणजे धानाची लावणी करताना, पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात असते आणि अंगठाच एकेक रोप पुढे सरकवतो. तो उठला नाही, तर मी जन्मभर शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बायांना पाणी पाजणार, ह्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई दर खेपेला मनगटापासून बोटांकडे टिचक्या मारत जायच्या. "मुंग्या कुठे येतात?" मी सांगायचे, त्या तिथे पेनानं ठिपका करायच्या. ठिपका पुढे सरकला म्हणजे नस वाढतेय. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मीही टिचक्या मारायचे. डोळे मिटले की वाटायचं, तलावाचं पाणी सोडलंय आणि ते पाटानं, कसलीही घाई न करता, आमच्या धानाच्या कोरड्या बांधीकडे येतंय. तशीच झोप लागायची.

रोवणा सुरू झाला. घरचे नको म्हणत असताना मी बांधीत उतरले, रांगेत मागे पडले, चिडले. जेवायच्या वेळी हात धुताना मोठ्या जाऊबाईंनी माझा हात धरला.

"काहून वो, आमच्या साऱ्याइच्या बोटाइले सुरकुत्या पडल्या, अन् तुये हे तीन बोटं नवरीवानी गुळगुळीत?"

साऱ्या हसल्या. मी मात्र दुसऱ्याच दिवशी भंडारा गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर पाहिलं त्यांनी. त्या सुरकुत्या नसेमुळेच पडतात. आम्हीही हात कोमट पाण्यात ठेवून तेच बघतो." मग मी रोज संध्याकाळी हात घमेल्यात बुडवून बसू लागले. लोक सुरकुत्या जाव्यात म्हणून मलमं चोपडतात आणि मी त्या याव्यात म्हणून बसलेली. पाण्यात आभाळ हलायचं, किती वेळ गेला कळायचं नाही.

रोवणा सरत आला तेव्हा एकदा अंगठ्याचं टोक चुरगळलेलं दिसलं. मी जाऊबाईंना हाक मारली.

"डोये मीट," त्या म्हणाल्या. "आता सांग, कोनतं बोट धरलं?"

काहीतरी झिणझिणलं, फार लांबून आल्यासारखं.

"मधलं."

"अंगठा होय वो," त्या हळूच म्हणाल्या.

"चुकलं बाई. पन लागलं," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. त्यांनी अंगठा तसाच धरून ठेवला, आणि मला ते कळत होतं.